लेसर फ्यूजन: स्फोटापेक्षा अवघड ते भांडं

५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९२ लेसर झोत दोन मिलिमीटरच्या एका गोळीसाठी एकाच क्षणी सोडले गेले. लेसरनं २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत घातली, फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. लेसरनं घातलं त्यापेक्षा जास्त निघण्याची ती पहिलीच वेळ. बातम्या आल्या, लेसरचे फोटो आले, ‘पृथ्वीवर सूर्य’ छापाचे मथळे आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनशॉप चालवणाऱ्या माझ्या एका मित्रानं मात्र सगळं वाचून एवढंच विचारलं, “ते सगळं खरं मर्दा, पण हे केलं कशात? भांडं कसलं होतं?”

प्रश्न वर्मावरचा आहे. लेसर सुधारला की बातमी होते. पण या प्रयोगातून कधी वीज मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या भांड्यावर, म्हणजे टार्गेट चेंबरवर ठरणार आहे. आणि चेंबरपुढच्या अडचणी फार ओळखीच्या आहेत. धातू कुठला घ्यायचा, वेल्डिंग कुठल्या बाजूनं करायचं, गळती कशी शोधायची, घाण कुठं साचते, झिजलेला भाग काढून नवा कसा बसवायचा. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रोज हेच चालतं. इथं फक्त आकडे अंगावर येतात.

आधी आत काय घडतं ते थोडक्यात. हायड्रोजनचे दोन जड भाऊ आहेत, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ते प्रचंड दाबाखाली आणि तापमानात एकत्र आले की त्यातून हेलियमचं केंद्रक आणि एक न्यूट्रॉन तयार होतो. हेच फ्यूजन. प्रत्येक जोडीमागे १७.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. त्यातले १४.१ एकटा न्यूट्रॉन घेऊन पळतो, उरलेले ३.५ हेलियमकडे राहतात. लिव्हरमोरच्या पद्धतीत हे इंधन हिऱ्याच्या पोकळ गोळीत आतून गोठवलेलं असतं आणि ती गोळी साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या, सोन्याचं अस्तर असलेल्या नळीत टांगलेली असते. लेसर गोळीवर पडतच नाही. तो नळीच्या दोन्ही टोकांतून आत शिरून आतल्या भिंतीवर आदळतो, भिंत तापून क्ष-किरण सोडते आणि ते क्ष-किरण गोळीला चहूबाजूंनी दाबतात.

३.१५ मेगाज्यूल म्हणजे तरी किती? महावितरणच्या बिलावरचं एक युनिट ३.६ मेगाज्यूलचं असतं. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या प्रयोगातून पाऊण-एक युनिट निघालं. लेसर चार्ज करायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीच्या वर युनिटं लागली होती. एप्रिल २०२५ मध्ये ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल गेली, तीही अडीच युनिटांच्या आतलीच. मग एवढ्याशा ऊर्जेसाठी चेंबरचं एवढं कौतुक कशाला? कारण ही ऊर्जा सुटायला लागणारा वेळ. सगळा जाळ सेकंदाच्या सुमारे दहा अब्जाव्या भागात आटोपतो. गिझर अर्धा तास चालला तर टाकीला काही होत नाही. तेवढीच ऊर्जा एका झटक्यात आली की भिंतीचा पृष्ठभाग वितळू शकतो.

भिंतीवर एकामागोमाग एक येणारे

लिव्हरमोरचं चेंबर म्हणजे ॲल्युमिनियमचा १० मीटर व्यासाचा गोल आहे. गोळी बरोबर मध्यावर, म्हणजे भिंत सगळीकडून ५ मीटरवर. स्फोट झाल्यावर भिंतीला सगळ्यात आधी क्ष-किरण गाठतात. ते प्रकाशाच्या वेगानं येतात, त्यांना साधारण १७ नॅनोसेकंद लागतात. त्यांच्या मागोमाग न्यूट्रॉन, सुमारे शंभर नॅनोसेकंदांत. मग काही मायक्रोसेकंदांनी नळीच्या सोन्याची आणि बाकी सामानाची तापलेली वाफ. आणि शेवटी, मिलिसेकंदांच्या हिशेबात, ज्यांची वाफ झाली नाही असे बारीक कण आणि किरचा.

चेंबरच्या डिझाइनची खरी गोम इथं आहे. या प्रत्येकाचा स्वभाव निराळा, म्हणून उपायही निराळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याच्या आड येतो.

क्ष-किरणांचं बघू. लेसरनं घातलेले २.०५ मेगाज्यूल आणि फ्यूजनच्या ३.१५ पैकी न्यूट्रॉननं न नेलेला पाचवा हिस्सा, असे मिळून ढोबळमानानं २.७ मेगाज्यूल क्ष-किरण आणि वाफेच्या रूपानं भिंतीवर येतात. ५ मीटर त्रिज्येच्या गोलाचं आतलं क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.८५ ज्यूल. हा आकडा हातावर घेतला तर काहीच नाही. पण कमी ऊर्जेचे क्ष-किरण धातूत मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या पुढे जात नाहीत. एक मायक्रॉन जाडीचा पोलादाचा थर दर चौरस सेंटिमीटरला ०.८ मिलिग्रॅमच भरतो आणि तो खोलीच्या तापमानापासून वितळवायला लागतो साधारण एक ज्यूल. म्हणजे दर शॉटला भिंतीची कातडी वितळण्याच्या उंबरठ्यावर येते. भिंत कोसळत नाही, पण तिची थोडी वाफ होते. ती वाफ समोर जाऊन बसते लेसरच्या काचांवर, आणि खरा खर्च काचांचा आहे.

सोपा उपाय म्हणजे चेंबर मोठं करा. व्यास दुप्पट केला की दर चौरस सेंटिमीटरचा मारा पाव होतो. लिव्हरमोरच्याच आधीच्या नोव्हा लेसरचं चेंबर ४.६ मीटरचं होतं, नंतरचं १० मीटरचं झालं, त्यात हा हिशेब होताच. पण भिंत लांब गेली की भिंतीवरची शेवटची भिंगंही लांब जातात. तिथं आता ७.७ मीटर नाभीय अंतराची भिंगं आहेत. अंतर आणखी वाढवलं तर तोच बारीक ठिपका साधायला झोत रुंद हवा, भिंगं मोठी हवीत, निशाणा आणखी कडक हवा. त्यामुळे १० मीटर हा तडजोडीचा आकडा आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या लेसर मेगाज्यूलचं चेंबरही १० मीटरचंच निघालं आणि तेही ॲल्युमिनियमचंच, हा योगायोग म्हणता येणार नाही.

मग भिंतीची कातडी कशाची करायची? आधी बोरॉन कार्बाइडच्या थराचा विचार झाला होता. हलक्या अणूंचा कठीण पदार्थ, क्ष-किरण जरा खोलवर पसरून शोषतो, त्यामुळे पृष्ठभाग कमी तापतो. कागदावर हे उत्तम. शेवटी मात्र स्टेनलेस स्टीलच्या तिरक्या पट्ट्या लावल्या गेल्या, एकीवर दुसरी थोडी चढलेली, खिडकीच्या झडपांसारख्या. मला यातली कल्पना फार आवडते. धातू झिजू नये असा हट्टच सोडून दिला आहे. झिजू दे, पण पट्टी अशी तिरकी ठेव की तिच्यावरून उडालेला कण शेजारच्या पट्टीच्या पाठीवर जाऊन चिकटेल आणि खोलीच्या मध्याकडे परत येणार नाही. पदार्थ भारी शोधण्यापेक्षा आकार बदलून काम भागवलं. शिवाय पट्ट्यांचं पॅनेल काढता येतं, धुता येतं, बदलता येतं.

“ॲल्युमिनियम कशाला? स्टील का नाही?”

मित्राचा दुसरा प्रश्न हा होता, आणि तो त्याच्या धंद्याला धरूनच होता. स्टील मजबूत, स्टीलचं वेल्डिंग सोपं, स्टीलमधून निर्वात टाक्या जगभर होतात. ॲल्युमिनियम जाड असलं की वेल्ड करताना उष्णता पळून जाते, जॉब वाकतो, पोकळ्या राहतात.

उत्तर न्यूट्रॉनमध्ये आहे. ३.१५ मेगाज्यूलच्या शॉटमधून एकावर अठरा शून्यांच्या घरात न्यूट्रॉन निघाले. त्यांना विद्युतभार नसल्यानं ते पृष्ठभागावर थांबत नाहीत, भिंतीच्या आरपार जातात. जाताना काही अणूंच्या केंद्रकांना धडकून त्यांना किरणोत्सारी करून ठेवतात. ॲल्युमिनियममध्ये यातून मुख्यतः सोडियम-२४ तयार होतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, १५ तासांचं. सहा-सव्वासहा दिवसांत तो हजारावा हिस्सा उरतो. स्टीलमध्ये मात्र लोखंडापासून मँगनीज-५४ होतो, अर्धायुष्य ३१२ दिवस. आणि स्टीलमध्ये कोबाल्टचा अंश असेल तर कोबाल्ट-६०, अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. म्हणजे स्टीलचं चेंबर केलं तर शॉटगणिक त्याचं उत्सर्जन साठत जाईल आणि आत दुरुस्तीला माणूस पाठवणं दिवसेंदिवस अवघड होत जाईल. ॲल्युमिनियमचं चेंबर काही दिवस थांबलं की निवतं.

मित्र इथंच थांबला नाही. “मग आतल्या त्या पट्ट्या स्टीलच्या कशा चालतात?” त्या पातळ आहेत, भिंतीच्या मानानं त्यांचं वजन किरकोळ आहे, आणि त्या काढून ठेवता येतात. १० सेंटिमीटर जाडीची, १३० टनांची भिंत काढून ठेवता येत नाही.

मिश्रधातू ५०८३ आहे, मॅग्नेशियम घातलेला. काही जहाजं आणि टँकर यातूनही बनतात, त्यामुळे फॅब्रिकेशनवाल्यांना तो परका नाही. बाहेरून ४० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर फवारून बसवला आहे आणि त्यात बोरॉन मिसळलेलं आहे. काँक्रीटमधल्या पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करतो आणि मंदावलेला न्यूट्रॉन बोरॉन गिळतो.

घडवण्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. गोल एकसंध ओतलेला नाही. १८ जाड प्लेटा जोडून तो झाला. धातू ओतला गेला वेस्ट व्हर्जिनियात, प्लेटांना गोलाई दिली फ्रान्समध्ये, कडांचं मशीनिंग पेनसिल्व्हेनियात, आणि जुळणी-वेल्डिंग थेट लिव्हरमोरला, उभ्या केलेल्या तात्पुरत्या शेडमध्ये. जून १९९९ मध्ये तो अवाढव्य क्रेननं उचलून जागेवर ठेवला आणि मग भोवतीची इमारत पुरी केली. दारातून आत नेता येईल असं ते धूड नव्हतंच.

कोल्हापुरात कास्टिंगचा एवढा धंदा आहे, तर असा गोल ओतून का करत नाहीत, असं कुणाला वाटेल. कारण निर्वात, म्हणजे चेंबरमधली हवा पंपानं काढून टाकावी लागते. कास्टिंगमध्ये सच्छिद्रता थोडी तरी राहते. पंपाच्या बॉडीला ती चालते, पाण्याच्या दाबाच्या टेस्टला जॉब पास होतो. निर्वातात मात्र त्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेला वायू महिनोन् महिने झिरपत राहतो. म्हणून लाटलेली प्लेट.

या कामात काही सवयी शॉपमधल्या नेहमीच्या सवयींच्या नेमक्या उलट आहेत. आपण ब्लाइंड होलला टॅप मारतो, बोल्ट कसतो, काम झालं. निर्वात चेंबरच्या आत असं केलं तर बोल्टच्या टोकाखाली हवेचा थेंब कोंडून राहतो आणि आट्यांच्या फटीतून हळूहळू बाहेर येतो. बाहेरून गळती कुठंच नसते, तरी पंप थकेपर्यंत दाब उतरत नाही. याला व्हर्च्युअल लीक म्हणतात. उपाय साधा आहे, बोल्टच्या मधोमध आरपार बारीक भोक पाडायचं म्हणजे कोंडलेली हवा लगेच निघून जाते. वेल्डचंही तसंच. दोन्ही बाजूंनी सलग वेल्ड मारला तर मजबुती येते, पण मधल्या फटीत हवा कोंडते. म्हणून सलग वेल्ड आतल्या, म्हणजे निर्वाताच्या बाजूनं मारायचा आणि बाहेरून लागलाच तर तुटक मारायचा. साबणाच्या फेसाची लीक टेस्ट इथं उपयोगाची नाही. जोडावर बाहेरून हेलियम सोडायचा आणि आतून हेलियम ओळखणाऱ्या यंत्रानं एकेक अणू शोधायचा. एकदा ही पद्धत अंगवळणी पडली की ती अणुसंशोधनापुरती राहत नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या लागणार आहेत. आणि फ्रान्समधल्या आयटर या फ्यूजनच्याच प्रकल्पाचा ३० मीटरचा स्टेनलेस स्टीलचा क्रायोस्टॅट, म्हणजे अतिथंड भाग सांभाळणारं निर्वात भांडं, गुजरातेत हजिऱ्याला घडलेल्या भागांतून उभा राहिला. आयटरची पद्धत वेगळी, तिथं लेसर नाही, चुंबक आहेत. पण वेल्डरची परीक्षा तीच.

भोकं कुठं पाडायची

निर्वात एवढं कशाला हवं? हवा असेल तर इतका तीव्र प्रकाश एकवटताना तिचाच प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू होतो आणि झोत मध्यावर पोचायच्या आधीच विस्कटतो. अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारी संपता संपता मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पायांपासून मुखापर्यंत चढतात. सूर्य त्याच्या वेळेला तिथं असतोच. पण वाटेत एखादं वाढीव बांधकाम, एखादा फलक, हवेतली धूळ किंवा बाष्प आलं की किरणं गाभाऱ्यात पोचूनही वर चढत नाहीत. म्हणून दरवर्षी सगळी चर्चा मार्गातल्या अडथळ्यांची असते. चेंबरच्या डिझाइनचा निम्मा वेळ असाच वाट मोकळी ठेवण्यात जातो. फरक इतकाच की इथं वाटा १९२ आहेत आणि नेम ०.०५ मिलिमीटरच्या आसपास चुकलेला चालत नाही.

झोत चार-चारच्या गटानं ४८ तोंडांतून आत येतात. इंधनाची नळी उभी असल्यामुळे ही सगळी तोंडं गोलाच्या वरच्या आणि खालच्या टोपीत आहेत, मधला पट्टा झोतांपासून मोकळा. तिथून गोळी आत घालणारा लांब दांडा येतो आणि मोजमापाची उपकरणं येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा ओमेगा लेसर थेट गोळीवर मारा करतो, त्यामुळे त्याच्या ३.३ मीटरच्या चेंबरवर ६० तोंडं सगळीकडं सारखी पसरलेली आहेत. पुढं दोन्ही तऱ्हेचे प्रयोग करता यावेत म्हणून लिव्हरमोरच्या गोलावर मधल्या पट्ट्याजवळ जास्तीची तोंडंही पाडून ठेवली आहेत. एकदा ४० सेंटिमीटर काँक्रीट चढल्यावर नवं भोक पाडणं म्हणजे डोकेदुखीच. (जाता जाता, याच प्रयोगशाळेत १९७७ मध्ये २० झोतांचा एक लेसर होता, त्याचं नाव शिवा. आपल्या शंकराचंच.)

रंगाचीही एक भानगड आहे. लेसर जन्मतो तो १०५३ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. चेंबरच्या तोंडाशी असलेले स्फटिक त्याचा ३५१ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश करतात, कारण नळीत तोच नीट शोषला जातो. पण रूपांतर शंभर टक्के होत नाही. उरलेला अवरक्त आणि हिरवा प्रकाश तसाच आत घुसतो. तो गोळीवर पडला तर प्रयोग बिघडतो, आणि पलीकडच्या तोंडात शिरला तर समोरच्या काचांची वाट लागते. म्हणून भिंग थोडं पाचरीच्या आकाराचं घेतलं आहे. वेगवेगळे रंग त्यातून वेगवेगळ्या कोनात वळतात, कामाचा अतिनील तेवढा मध्यावर येतो आणि बाकीचा बाजूला, त्याच्यासाठी नेमून दिलेल्या शोषकावर जाऊन पडतो.

थंडीचाही प्रश्न आहेच. गोळी उणे अडीचशे अंश सेल्सियसच्या खाली ठेवावी लागते. कितीही पंप चालवले तरी चेंबरमध्ये पाण्याची वाफ चिमूटभर राहते, आणि तिला बसायला सगळ्यात गार जागा सापडते ती नेमकी नळीची तोंडं. तिथं दहिवर जमलं की लेसरची ऊर्जा त्यातच वाया जाते. लिव्हरमोरला हे प्रत्यक्ष भोवलं. मग नळीच्या तोंडावरच्या पातळ पडद्यापुढं आणखी एक पातळ पडदा लावला, जो तेवढा गार होत नाही, त्यामुळे बर्फ जमत नाही. शिवाय गोळीभोवती गार कवच असतं, ते शॉटच्या अगदी काही सेकंद आधी उघडतं. करोडोंच्या यंत्रात निकाल फिरवणारी वस्तू बऱ्याचदा अशी एखादी पारदर्शक फिल्म असते.

आणि किरचा. गोळीजवळचं सगळं सामान, म्हणजे नळी, तिला धरणारे चिमटे, गार ठेवणारे हात, स्फोटात उडतं. ज्याची पूर्ण वाफ होते त्याचा पातळ थर बसतो, तो परवडला. अर्धवट वितळलेला थेंब किंवा तुकडा काचेवर बसला की तिथं खड्डा पडतो आणि पुढच्या प्रत्येक शॉटला तो खड्डा वाढत जातो. म्हणून महाग भिंगांपुढं स्वस्त काचेची पातळ तावदानं लावतात, जी खराब झाली की फेकून द्यायची. पण खरी सुधारणा उगमाशी होते. गोळीजवळचा प्रत्येक भाग जमेल तितका पातळ करायचा, म्हणजे त्याचे तुकडे न होता वाफ होईल. आणि जिथं जाड ठेवणं भागच आहे तिथं त्याचं तोंड असं फिरवायचं की किरचा मधल्या मोकळ्या पट्ट्याकडं जातील, काचांकडं नाही.

दिवसाला एक, की सेकंदाला दहा?

आतापर्यंतचं सगळं चेंबर प्रयोगाचं आहे. एक मोठा शॉट घेतला की थांबायचं, निवू द्यायचं, तावदानं बदलायची, मग पुढचा. वीज करायची तर सेकंदाला दहा-पंधरा शॉट हवेत, प्रत्येकातून शंभर-दीडशे मेगाज्यूल. दीडशे धरले तर त्याच १० मीटरच्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला दहा ज्यूल येतील. वर आपण पाहिलं की एक ज्यूललाच कातडी वितळू लागते. आणि हे सेकंदाला दहा वेळा, वर्षभर. झडपांच्या तिरक्या पट्ट्या काही तास तरी टिकतील का याची मला शंका आहे.

यावर गेली चाळीसेक वर्षं डोकेफोड सुरू आहे. एक गट म्हणतो, चेंबरमध्ये थोडा झेनॉन वायू भरा. झेनॉन जड अणूंचा, क्ष-किरण आणि वाफ तो वाटेतच शोषतो आणि तीच ऊर्जा भिंतीला सावकाश, मिलिसेकंदांत परत देतो. ऊर्जा तेवढीच, पण वेळ लाखपटीनं लांबला, त्यामुळे भिंत वाचते. लिव्हरमोरनं २००८ नंतर काही वर्षं ‘लाइफ’ नावाच्या वीजकेंद्राचा आराखडा मांडला होता, तो याच धर्तीवर. मात्र वायू असला की मघाची किरणांची वाट थोडी गढूळ होते, आणि गोठवलेली गोळी त्या तापलेल्या वायूतून वेगानं मध्यावर पोचेपर्यंत वितळू नये हेही बघावं लागतं. लाइफची योजना पुढं थांबली.

दुसरा गट जास्त धाडसी. भिंत घन ठेवूच नका. वितळलेल्या क्षाराच्या जाड धारांचा पडदाच गोळीभोवती सोडा. ‘हायलाइफ-२’ नावाच्या आराखड्यात फ्लाइब वापरायचं ठरलं होतं, म्हणजे लिथियम फ्लोराइड आणि बेरिलियम फ्लोराइडचं मिश्रण. स्फोटानं पडदा फाटला तर फाटू दे, पुढच्या धारा येतातच. भिंत दर खेपेला नवी, म्हणजे झिजण्याचा प्रश्नच मिटला. पुन्हा न्यूट्रॉन त्या द्रवातच थांबतात, मागचं स्टील कितीतरी जास्त वर्षं टिकतं आणि तापलेला द्रव सरळ वाफ करायला नेता येतो. लिथियममुळे आणखी एक काम होतं. ट्रिटियम निसर्गात जवळपास मिळत नाही आणि त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांचंच, म्हणजे साठवूनही फार काळ ठेवता येत नाही. लिथियम-६ ला न्यूट्रॉन धडकला की त्यातून ट्रिटियम मिळतं. म्हणून वीजकेंद्र कुठल्याही आराखड्याचं असो, चेंबरभोवती लिथियम ठेवावंच लागतं. इंधन भांड्यातच तयार होतं.

कागदावर मला ही द्रवाची भिंत सगळ्यात देखणी वाटते. पण प्रत्यक्षात माझं मत कोरड्या, पण सहज बदलता येईल अशा भिंतीकडं झुकतं. कारण दोन शॉटमध्ये शंभर मिलिसेकंदच आहेत. तेवढ्यात फाटलेल्या पडद्याचे सगळे थेंब खाली पडले पाहिजेत, वाफ भिंतीवर थिजली पाहिजे, नव्या धारा सरळ उभ्या राहिल्या पाहिजेत आणि झोतांच्या वाटेत एकही थेंब तरंगता कामा नये. शंभर मिलिसेकंदांत वस्तू गुरुत्वाकर्षणानं पडते ती जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणून धारा वेगानं खाली फेकाव्या लागतात, काही मागंपुढं हलवाव्याही लागतात, म्हणजे त्याच उरलेला कचरा ओढून नेतील. पाण्याच्या धारांवर असे प्रयोग झाले आहेत. खऱ्या स्फोटासमोर, खऱ्या क्षारानं, सेकंदाला दहाच्या गतीनं कुणी केलेला नाही.

कोरड्या भिंतीलाही तिचं दुखणं आहे. टंगस्टन उष्णता भरपूर सोसतं, पण हेलियमचे अणू त्यात रुतून बसतात, आत बुडबुडे होतात आणि पृष्ठभाग फुगून पापुद्रे सुटतात. शिवाय न्यूट्रॉनमुळे मागचं स्टील वर्षागणिक ठिसूळ होत जातं. त्यामुळे तिथला विचार असा, की चेंबर कायमचं धरूच नका. सुटे भाग जोडून करा, ठरावीक काळानं पूर्ण चेंबर बाहेर ओढा आणि तयार ठेवलेलं दुसरं आत ढकला. मित्राला हे लगेच पटलं. भट्टीचं अस्तर बदलणाऱ्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फक्त इथं बदलणारा हात यंत्रमानवाचा हवा, कारण आतल्या खोलीत माणूस पाय ठेवू शकणार नाही.

काचांचं मात्र अजून कुणालाच पुरतं जमलेलं नाही. लेसर आत यायचा तर तोंड उघडं हवं, आणि तोंड उघडं म्हटलं की न्यूट्रॉन त्याच वाटेनं बाहेर येणार. वायू, द्रव, तिरक्या पट्ट्या यातलं काहीही त्या सरळ रेषेत ठेवता येत नाही. काच वीस-पंचवीस मीटर मागं नेता येईल, तापती ठेवून तिचे दोष थोडे भरून काढता येतील. किंवा काचेऐवजी धातूचा आरसा अगदी निसटत्या कोनात ठेवायचा, झोत त्यावरून वळवायचा आणि न्यूट्रॉन मात्र सरळ मागच्या काँक्रीटमध्ये जाऊ द्यायचे. मित्राचं बोट शेवटी याच आरशावर येऊन थांबलं. “हा पॉलिश करायचा तर किती सरळ लागंल?” लेसरच्या तरंगलांबीच्या तुलनेत, म्हणजे मिलिमीटरच्या दशसहस्रांशाच्या हिशेबात. “आणि दर सेकंदाला दहा फटके खाऊन तसाच राहायला पाहिजे?” हो.